उजेड कुठला, तिकीट किती? इंग्रजी नाटकाचा अभ्यास करताना

बँकेतली नोकरी सांभाळून बहिःस्थ म्हणून इंग्रजीत एम. ए. करायला घेतलं, तेव्हा नाटकाचा पेपर मी मुद्दाम आधी काढला. सांगलीत वाढलेल्या माणसाला नाटक परकं नसतं. पण मार्गदर्शक पुस्तकं उघडली की समोर यायची ती युगांची यादी. मध्ययुगीन, एलिझाबेथन, जेकोबियन, रेस्टोरेशन, व्हिक्टोरियन, आधुनिक. प्रत्येक युगाखाली सात-आठ वैशिष्ट्यं आणि लेखकांची नावं. पाठ सगळं होत होतं. एका युगातून नाटक पुढच्या युगात गेलं कसं आणि का, एवढंच त्यात नव्हतं.

ते उमगायला लागलं मामांमुळं. मामांनी राज्य नाट्य स्पर्धेतल्या नाटकांची प्रकाशयोजना उभी हयात केली. इंग्रजी त्यांना येत नाही. संध्याकाळी मी जे नाटक वाचलं असेल ते त्यांना मराठीत सांगायचे. पात्रांच्या स्वभावाबद्दल ते फारसं विचारायचे नाहीत. विचारायचे ते हे: "हे कुठं करायचे गं? उजेड कुठला? बघायला कोण यायचं? पैसा कुणाचा?" मार्गदर्शकात याची उत्तरं नव्हती. ती शोधायला लागले आणि सगळ्या अभ्यासाची दिशा बदलली. पुढं मी माझा एक प्रश्न त्यात घातला: परवानगी कुणाची? हजार वर्षांचं इंग्रजी नाटक मला या पाच प्रश्नांनी शिकवलं.

सुरुवात चर्चमध्ये होते. दहाव्या शतकात विंचेस्टरचे बिशप एथेलवोल्ड यांनी मठांसाठी नियमांचा जो ग्रंथ सिद्ध केला, त्यात ईस्टरच्या पहाटे करायचा एक छोटा प्रसंग लिहिलेला आहे. पांढरं वस्त्र घातलेला एक साधू थडग्यापाशी येऊन बसतो. तिघे जण धूपदाण्या घेऊन, काहीतरी शोधत असल्यासारखे पावलापावलानं येतात. त्या म्हणजे ख्रिस्ताचं थडगं पाहायला गेलेल्या बायबलमधल्या तीन मेरी. "कोणाला शोधता?" असं लॅटिनमध्ये विचारलं जातं. चार ओळींचा संवाद, पण कोणी कुठून यायचं, कसं चालायचं, हातात काय घ्यायचं, सगळं नोंदलेलं. मामांना हे फार आवडलं. "म्हणजे नाटकाच्या आधी दिग्दर्शकाची वही आली," ते म्हणाले.

मग नाटक रस्त्यावर येतं, आणि इथं मी खूप रमले. यॉर्क शहरात कॉर्पस क्रिस्टी या ख्रिस्ती सणाला जगाच्या उत्पत्तीपासून शेवटच्या न्यायदानापर्यंतची सगळी बायबलकथा एका दिवसात व्हायची. चाकांच्या गाड्यांवर रंगमंच, आणि गाडी शहरातल्या ठरलेल्या जागी थांबत थांबत पुढं जायची. एका गाडीनं जागा सोडली की पुढची गाडी तिथं हजर. पहाटे साडेचारला सुरुवात. सण मे-जूनमधला, त्यामुळं उजेड सूर्याचा, आणि तो उत्तरेकडचा लांबलचक दिवसही पुरायचा नाही. खर्च व्यावसायिकांच्या संघांचा. नोहाची नौका बांधण्याचा प्रवेश जहाज बांधणाऱ्यांकडं, जलप्रलयाचा कोळी आणि खलाशांकडं, शेवटच्या भोजनाचा पाववाल्यांकडं. ख्रिस्ताला क्रूसावर ठोकण्याचा प्रवेश खिळे-टाचण्या घडवणाऱ्यांकडं.

हा शेवटचा प्रवेश मी कितीदा वाचला असेन, सांगता येणार नाही. चार सैनिक कामावर आलेत. क्रूसाला आधी पाडून ठेवलेली भोकं जास्त लांब पडली आहेत, हात तिथवर पोचत नाही. मग दोर लावून हात ताणायचा. वजनाबद्दल कुरकुर, एकमेकांवर चालढकल, पाचर नीट बसली नाही म्हणून पुन्हा ठोकाठोकी. ख्रिस्त संपूर्ण प्रवेशात दोनदाच बोलतो. हे सगळं बोलणं रोजच्या कामगारांचं आहे, आणि ते म्हणणारे आणि समोर उभं राहून ऐकणारे दोघंही तसलीच कामं करणारे. क्रौर्य करताना माणसं आपल्या कामाच्या अडचणींत किती गुंतलेली असतात, हे त्या अनाम लेखकाला दिसलं होतं. याला 'इंग्रजी नाटकाची बाल्यावस्था' म्हणणारी वाक्यं मार्गदर्शकात वाचली की मला अजून राग येतो. ज्यांना हा पेपर असेल त्यांनी हा प्रवेश टिपणांतून वाचू नये. स्पेलिंग आधुनिक केलेली आवृत्ती घ्यावी आणि मोठ्यानं वाचावी. मध्ययुगीन इंग्रजी डोळ्यांना जेवढी अवघड वाटते तेवढी कानाला वाटत नाही.

यॉर्कची ही परंपरा १५६९ नंतर बंद पडली. लोक कंटाळले म्हणून नाही. देशाचा धर्म बदलला होता आणि प्रॉटेस्टंट सत्तेला हे जुने कॅथलिक सोहळे नको होते. पुन्हा ती नाटकं यॉर्कमध्ये मोठ्या प्रमाणावर झाली ती थेट १९५१ साली, एका मठाच्या भग्न अवशेषांसमोर.

'एव्हरीमॅन' आणि तशी नीतिनाटकं मी लवकर उरकली. मृत्यूचं बोलावणं आल्यावर नातलग, मित्र, संपत्ती सगळे पाठ फिरवतात आणि सत्कर्म तेवढं सोबत येतं, ही गोष्ट मामांना सांगताना मला शब्दही शोधावे लागले नाहीत. कीर्तनात वाढलेल्या माणसाला ती ऐकल्यासारखीच वाटते.

एलिझाबेथच्या काळाकडं आल्यावर परवानगीचा प्रश्न पुढं आला. १५७२ च्या कायद्यानं कोणा सरदाराचा आश्रय नसलेले फिरते नट भटक्या-उनाडांत जमा झाले. म्हणून त्या काळच्या मंडळ्यांची नावं सरदारांच्या नावांवर आहेत. आश्रय मिळाला की मंडळी टिकायची, आणि टिकलेल्या मंडळीला घर लागतं. १५७६ मध्ये जेम्स बर्बेज यानं लंडनच्या हद्दीबाहेर शोरडिचला नाट्यगृह बांधलं, त्याचं नाव नुसतंच 'द थिएटर'. पुढं जागेच्या मालकाशी भाडेपट्ट्यावरून वाद झाला, तेव्हा १५९८ च्या डिसेंबरात मंडळींनी ते लाकडी नाट्यगृह उतरवलं, आणि तेच लाकूड थेम्सच्या पलीकडं नेऊन १५९९ मध्ये 'ग्लोब' उभं राहिलं.

मामांना मापं हवी होती. ग्लोबची नेमकी मापं कुठं लिहिलेली नाहीत, पण १६०० साली 'फॉर्च्यून' नाट्यगृह बांधायचा सुताराशी झालेला करार फिलिप हेन्स्लो या नाट्यगृहमालकाच्या कागदपत्रांत टिकला आहे. रंगमंच ४३ फूट रुंद आणि अंगणाच्या निम्म्यापर्यंत पुढं आलेला. अंगण ५५ फुटांचं, म्हणजे रंगमंच पुढून मागं साडेसत्तावीस फूट. घराशेजारच्या मोकळ्या जागेत आम्ही टेप धरून चुन्यानं ते आखलं. मामा मधोमध उभे राहिले आणि म्हणाले, "तिन्ही बाजूंनी माणसं. इथं पाठ कुणाकडं करायची?" त्या चौकोनात उभं राहिल्यावर शेक्सपिअरची स्वगतं मला वेगळी ऐकू यायला लागली. एवढ्या पुढं आलेल्या, माणसांनी वेढलेल्या जागी नट एकटा उभा राहून बोलतो तेव्हा तो स्वतःशी बोलत नाही. समोरच्यालाच विचारतो.

आणि उजेड? दुपारचा. एक पेनी देऊन अंगणात उभे राहिलेले लोक उघड्या आभाळाखाली असायचे. 'हॅम्लेट'ची सुरुवात मध्यरात्रीच्या थंडीत, पहाऱ्यावरच्या शिपायांनी होते, आणि प्रेक्षकांच्या डोक्यावर ऊन. मग रात्र कुठून आणायची? शब्दांतून. पहिल्या दहा-बारा ओळींत बाराचा ठोका, कडाक्याची थंडी, एकमेकांना ओळखू न येणं, उंदीरसुद्धा न हलल्याची शांतता, सगळं येऊन जातं. हे मी मामांना वाचून दाखवलं तेव्हा ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "आम्ही दिव्यावर निळा कागद लावायचो." माझ्या मते शेक्सपिअरच्या काव्याचं सगळ्यात सोपं आणि खरं स्पष्टीकरण या दोन गोष्टींमध्ये आहे. एवढी कविता त्याच्या नाटकांत आहे, कारण त्याच्या रंगमंचाला ती लागत होती.

१६०९ च्या सुमारास शेक्सपिअरची हीच ग्लोबवाली मंडळी ब्लॅकफ्रायर्सच्या बंदिस्त नाट्यगृहातही प्रयोग करू लागली. तिथं मेणबत्त्या, आणि सगळ्यात स्वस्त जागेला सहा पेन्स. वाती कापायला मध्ये थांबावं लागे, त्यामुळं अंकांच्या मधल्या विश्रांतीला आणि संगीताला जागा झाली. 'टेम्पेस्ट' हे समोर ठेवून वाचलं तर त्यातली गाणी आणि देवतांचा खेळ उगाच घातलेला वाटत नाही.

मार्लो, बेन जॉन्सन, वेब्स्टर हे त्या काळचे तिघं नाटककार मी एकामागून एक वाचले. त्यातला 'डॉक्टर फॉस्टस'चा शेवटचा तास मला पाठ आहे. फॉस्टसनं आत्मा सैतानाला विकलेला, बाराला तो न्यायला येणार. घड्याळात अकराचे ठोके पडतात आणि तिथून बारापर्यंतचा तास मार्लो साठेक ओळींत संपवतो. काळ त्या माणसाच्या हातातून कसा निसटतोय ते ओळींच्या वेगातच कळतं. हे लिहिणारा माणूस १५९३ मध्ये २९ व्या वर्षी डेट्फर्डला भोसकला जाऊन मेला. तो आणि शेक्सपिअर एकाच वर्षी, १५६४ मध्ये जन्मलेले. त्या वयापर्यंत शेक्सपिअरनं ना 'हॅम्लेट' लिहिलं होतं ना 'लिअर', हे लक्षात घेतलं की जीव हळहळतो.

२ सप्टेंबर १६४२ ला संसदेनं नाट्यगृहं बंद केली. अठरा वर्षं. बहुतेक टिपणांत ही अठरा वर्षं एका ओळीत संपतात. मी तिथं थांबले, कारण पुढचं सगळं त्या बंदीतून निघतं. १६६० मध्ये दुसरा चार्ल्स गादीवर परत आला तेव्हा त्यानं नाटक करायचा अधिकार दोनच माणसांना दिला, किलिग्रू आणि डॅव्हनंट. दोनच मंडळ्या, म्हणजे प्रेक्षक थोडे, बरेचसे दरबाराच्या आसपासचे. नाट्यगृह बंदिस्त, कमानीमागं रंगवलेले सरकते पडदे. पेनीवाला उभा प्रेक्षक आत नाहीच. रेस्टोरेशनचं, म्हणजे राजा परत आल्यानंतरच्या काळातलं, नाटक चटपटीत, शहरी, लग्न-पैसा-व्यभिचाराभोवती फिरणारं का झालं, याचं अर्धं उत्तर इथं मिळतं.

आणि बायका रंगमंचावर आल्या. ८ डिसेंबर १६६० च्या 'ऑथेल्लो'च्या प्रयोगात डेस्डिमोनाचं काम बाईनं केलं. प्रयोगाआधी खास लिहिलेल्या प्रस्तावनेत प्रेक्षकांना तशी सूचना द्यावी लागली. ती बाई कोण हे मात्र खात्रीनं कोणालाच सांगता येत नाही. याच वर्षी सॅम्युएल पेप्सनं आपल्या रोजनिशीत एडवर्ड किनॅस्टन या स्त्रीभूमिका करणाऱ्या तरुण नटाच्या देखणेपणाची तारीफ लिहून ठेवली आहे. मामांच्या वडिलांनी बालगंधर्वांना पाहिलं होतं, त्यामुळं या विषयावर आमच्या घरी जुनी, गंभीर चर्चा आहे. मामांचं मत असं की स्त्रीपार्टी नट गेला तेव्हा एक कला गेली. मला वाटतं दुसरी आली, आणि ती आल्याशिवाय मिलामंट लिहिली गेली नसती.

मिलामंट म्हणजे काँग्रीव्हच्या 'द वे ऑफ द वर्ल्ड'ची नायिका, साल १७००. या नाटकाचं कथानक भयंकर गुंतागुंतीचं आहे. कोण कोणाची भाची, कोणाचं मृत्युपत्र कोणाकडं, हे वंशावळ काढल्याशिवाय कळत नाही. मी ती काढून भिंतीला लावली. पण चौथ्या अंकात मिलामंट आणि मिराबेल लग्नाआधी एकमेकांना अटी घालतात, तो प्रवेश वाचायला सगळा खटाटोप करावा. सकाळी हवं तेवढा वेळ झोपेन, लाडाच्या नावांनी हाक मारायची नाही, माझी पत्रं कोणाला, कोणाकडून, हे विचारायचं नाही, माझ्या खोलीत यायचं तर दार वाजवायचं. ज्या काळात लग्न होताच बाईची मालमत्ता कायद्यानं नवऱ्याच्या हाती जात होती, त्या काळात ही बाई भर रंगमंचावर करार वाचून दाखवते. हा प्रवेश मी बँकेतल्या मैत्रिणींना डबा खाताना सांगितला आहे.

'किंग लिअर'चं या काळात जे झालं ते मला फार लागलं. १६८१ मध्ये नेहम टेट यानं त्याचा शेवट बदलला. लिअर जगतो, त्याची मुलगी कॉर्डेलिया जगते, तिचं एडगरशी लग्न लागतं, आणि विदूषक नाटकातूनच गायब. रंगभूमीवर दीडशेहून अधिक वर्षं लोकांनी मुख्यतः हेच 'लिअर' पाहिलं. १८३८ मध्ये मॅक्रेडी या नटानं विदूषकासह शेक्सपिअरचं नाटक परत आणलं. १८१० ते १८२० या काळात तर लंडनच्या रंगमंचावर कोणतंच 'लिअर' नव्हतं, कारण राजा तिसरा जॉर्ज स्वतः वेडा झालेला होता. 'नटसम्राट'मधला आप्पासाहेब बेलवलकर लहानपणापासून ऐकलेल्या माझ्यासारखीला हा इतिहास कळणं गरजेचं होतं. त्या म्हाताऱ्याचं दुःख सोसण्याची तयारीसुद्धा प्रत्येक काळाच्या प्रेक्षकांत नव्हती.

अठराव्या शतकाची किल्ली १७३७ चा परवाना कायदा. १७२८ मध्ये जॉन गे याच्या 'द बेगर्स ऑपेरा'नं चोर-दरोडेखोरांच्या गोष्टीतून मंत्र्यांची खिल्ली उडवली आणि पहिल्याच हंगामात ६२ प्रयोग केले. त्याच गोष्टीवर पुढं जर्मनीत ब्रेख्टनं नाटक केलं आणि त्यावरून पुलंनी 'तीन पैशाचा तमाशा'. हेन्री फील्डिंगनं पंतप्रधान वॉल्पोलवर आणखी कडक टीका केली. वॉल्पोलनं कायदा आणला: नवं नाटक रंगमंचावर आणण्याआधी त्याची संहिता लॉर्ड चेंबरलेन या राजदरबारातल्या अधिकाऱ्याच्या कचेरीत मंजुरीला द्यायची. फील्डिंगचं नाटक थांबलं आणि तो कादंबरीकडं वळला. 'टॉम जोन्स' १७४९ चं. इंग्रजी कादंबरीच्या भरभराटीचं एक कारण नाटकाच्या इतिहासात आहे, हे कादंबरीच्या पेपरला मला उपयोगी पडलं.

या कायद्याची आणखी एक बाजू मला नंतर सापडली. मंजुरीसाठी आलेल्या संहिता कचेरीत राहिल्या. जॉन लार्पंट या तपासनिसानं जपलेला गठ्ठा आज कॅलिफोर्नियातल्या हंटिंग्टन ग्रंथालयात आहे आणि १८२४ नंतरच्या संहिता ब्रिटिश लायब्ररीत. छापली न गेलेली कितीतरी नाटकं त्यामुळंच टिकली.

शेरिडन आणि गोल्डस्मिथ वाचायला आनंदाचे आहेत, त्यांच्यावर टिपणंही चांगली मिळतात, म्हणून इथं लांबवत नाही. आर्थर मर्फीचं १७६१ चं 'ऑल इन द राँग' मात्र मी अभ्यासक्रमात नसताना शोधून वाचलं, कारण देवलांचं 'संशयकल्लोळ' त्यावरून आलं आहे. मर्फीनं मोलिएरकडून घेतलं होतं, देवलांनी मर्फीकडून. फाल्गुनराव आणि कृत्तिकेची भांडणं ऐकून मोठी झाल्यावर त्यांचे हे लंडनचे पूर्वज भेटणं हा या अभ्यासातला मोठा आनंद होता.

एकोणिसाव्या शतकात मी भराभर चालले. नाट्यगृहं अवाढव्य झाली, आधी गॅस आणि मग वीज आली, मेलोड्रामा फोफावला; दर्जेदार नवं नाटक बराच काळ सापडत नाही. एक तारीख मात्र सांगलीकर म्हणून सोडवत नाही. दोन जुन्या नाट्यगृहांची गद्य नाटकांवरची मक्तेदारी मोडणारा कायदा लंडनमध्ये १८४३ मध्ये झाला. त्याच वर्षी ५ नोव्हेंबरला आमच्या गावी, पटवर्धन राजांच्या आश्रयानं, विष्णुदास भाव्यांच्या 'सीतास्वयंवरा'चा प्रयोग झाला. या दोन घटनांचा एकमेकींशी काही संबंध नाही. पुढं मात्र संबंध आला. १८७६ मध्ये इंग्रज सरकारनं हिंदुस्थानात नाट्यप्रयोग नियंत्रण कायदा आणला, आणि खाडिलकरांच्या 'कीचकवधा'वर बंदी आली. नाटकाला सत्ता किती घाबरते, हे लंडनमध्ये शिकलेलं सरकार इथं राज्य करत होतं.

लॉर्ड चेंबरलेनचा हात विसाव्या शतकातही निघाला नाही. शॉनं १८९३ मध्ये लिहिलेलं 'मिसेस वॉरन्स प्रोफेशन' इंग्लंडमध्ये खुलेपणानं व्हायला १९२५ उजाडलं. बेकेटचं 'वेटिंग फॉर गोदो' १९५५ मध्ये लंडनला आर्ट्‌स थिएटरमध्ये आधी झालं, कारण ते सभासदांचं क्लब-नाट्यगृह होतं आणि तिथं ही मंजुरी लागत नव्हती. दिग्दर्शक पीटर हॉल तेव्हा अवघे २४ वर्षांचे. पुढच्या वर्षी, ८ मे १९५६ ला, रॉयल कोर्टमध्ये ऑस्बर्नचं 'लुक बॅक इन अँगर' आलं आणि दिवाणखान्याच्या जागी एका खोलीचं भाड्याचं घर आणि इस्त्रीचं टेबल आलं. ही पूर्वमंजुरी रद्द झाली ती १९६८ मध्ये. १७३७ पासून ती २३१ वर्षं टिकली. मामांनी आकडा ऐकून संहितांच्या मंजुरीसाठी मारलेले आपले हेलपाटे सांगायला सुरुवात केली. आपल्याकडं नाटकांच्या संहिता तपासणारं परिनिरीक्षण मंडळ अजून आहे.

परीक्षेत रेस्टोरेशन सुखात्मिकेची वैशिष्ट्यं लिहा, असा नेहमीचाच प्रश्न आला. मी वैशिष्ट्यांआधी दोन मंडळ्या, तिकिटाचे दर, मेणबत्त्या आणि नट्या लिहिल्या. मग वैशिष्ट्यं त्यांच्या मागून आपोआप आली.

परीक्षा झाली तरी मामांना सांगणं थांबलेलं नाही. आता कॅरिल चर्चिल यांचं १९७९ चं 'क्लाउड नाइन' सुरू आहे. पहिला अंक व्हिक्टोरियन काळातल्या आफ्रिकेतल्या वसाहतीत, दुसरा १९७९ च्या लंडनमध्ये. मध्ये शंभर वर्षं, पण पात्रांची वयं पंचवीसच वर्षांनी वाढलेली. पहिल्या अंकात बेटी या बायकोचं काम पुरुषानं करायचं, अशी लेखिकेचीच सूचना आहे, कारण बेटी नवऱ्याला हवी तशी बाई व्हायला धडपडते आहे. दुसऱ्या अंकात तीच बेटी बाई करते. मामा हे ऐकून उठून बसले. स्त्रीपार्ट बाईच्या अभावी होता हे त्यांना माहीत, तो मुद्दाम, बोलण्यासाठी करता येतो हे नवीन. "मग पहिल्या अंकातल्या नटानं बाई हुबेहूब दाखवायची, की आत पुरुष आहे ते दिसू द्यायचं?" त्यांनी विचारलं. मी त्या प्रयोगांची परीक्षणं शोधून वाचते आहे.